कांदा, पैठणी आणि मनात ठोकलेला खुंटा

वाचकांचे प्रश्न

‘रोजचे निर्णय घेताना मन कुठे फसतं’ या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी आठ इथे घेतली आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी मी मेमध्येच कांदा विकून मोकळा झालो आणि शेजाऱ्याने ऑगस्टात विकून चांगले पैसे केले. म्हणून यंदा शंभर क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) भरला. एप्रिलमध्ये बाराशे भाव होता. सप्टेंबरात सतराशे मिळत होता, तरी दिला नाही, कारण डोक्यात अडीच हजार होते. आता कोंब फुटलेत. सतराशेला न देणं ही चूक होती का? पुढच्या वर्षी काय करू?
– कांदा उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : आधी त्या सतराशेचा हिशोब करू. बाराशेचे सतराशे म्हणजे क्विंटलमागे पाचशे सुटले असं वाटतं, पण एप्रिलमध्ये तुमच्याकडे १०० क्विंटल होते. वाळणं, सड, काजळी आणि कोंब मिळून साध्या चाळीत पाच महिन्यांत ३० टक्के घट होणं काही नवीन नाही. म्हणजे विकायला उरले ७०. एप्रिलमध्ये विकला असता तर हातात १,२०,००० रुपये आले असते. त्यावर महिना १ टक्का दराने पाच महिन्यांचं व्याज ६,००० आणि चाळ निवडायची मजुरी ४,००० धरा. १,३०,००० भागिले ७०, म्हणजे १,८५७ रुपये. एवढा भाव मिळाला तर तुम्ही एप्रिलच्या जागी परत आलात, नफा शून्य. घट ४० टक्क्यांवर गेली तर हाच आकडा २,१६७ होतो. म्हणजे सतराशेला विकलं असतं तरी ११,००० रुपये अंगावर आले असते.

मग न दिला ते बरं केलं का? तेही नाही. इथे दुसरी गफलत होते आणि ती हिशोबी माणसाचीही होते. १,८५७ हा आकडा एप्रिलमध्ये ‘भरू की विकू’ हे ठरवण्यासाठी कामाचा. सप्टेंबरात झालेली घट झालेली असते, ती परत येत नाही. तेव्हा फक्त पुढचा महिना बघायचा. पुढच्या महिन्यात आणखी ८ टक्के माल जाणार असेल आणि १ टक्का व्याज चढणार असेल, तर आजच्या सतराशेच्या बरोबरीला महिन्याने १,८६६ लागतात. तेवढा भाव येईल अशी खात्री नसेल, तर माल बाहेर काढायचा. ‘माझी पडतळ अठराशे सत्तावन्नची आहे, त्याखाली देणार नाही’ म्हणून अडून बसलात तर माल तेवढा सडत राहतो.

आता ते अडीच हजार कुठून आले ते बघा. बाजार समितीचे भाव छापून येतात तेव्हा किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे असतात. चावडीवर बोलला जातो तो कमाल. तो त्या दिवशी एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला मिळालेला असतो. शेजारी सांगतो तोही त्याच्या सगळ्यात चांगल्या ट्रॉलीचाच. तो आकडा एकदा मनात बसला की जनावर खुंट्याला बांधल्यासारखं मन त्याच्याभोवतीच फिरतं आणि त्याखालचा प्रत्येक भाव तोटा वाटायला लागतो. तोट्यात असल्याची भावना आली की माणूस जुगार खेळतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की यांच्या १९७९ सालच्या लेखात याचा नमुना आहे. नक्की ३,००० मिळणार, की ४,००० मिळण्याची ८० टक्के शक्यता? ८० टक्के लोकांनी नक्की मिळणारे ३,००० घेतले. मग प्रश्न उलटा केला : नक्की ३,००० जाणार, की ४,००० जाण्याची ८० टक्के शक्यता? आता ९२ टक्के लोकांनी जुगार निवडला. आकडे तेच आहेत. सप्टेंबरात तुम्ही या दुसऱ्या गटात होतात.

पुढच्या वर्षी चाळ भरताना तीन जाळीदार गोण्यांत प्रत्येकी २० किलो कांदा मोजून भरा. एक दाराशी, एक मधोमध आणि एक टोकाला, वरच्या थराखाली फूटभर आत ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला बाहेर काढा, सडका-कोंबाळलेला वेगळा करा, चांगला तेवढा तोला आणि लिहा. तळाचा माल याहून खराब असतो, म्हणून घटीत थोडी भर धरा. अंदाजाने ‘पाच-दहा टक्के गेला असेल’ म्हणणारे बरेचदा सडलेलं तेवढं मोजतात, पाणी उडून हलका झालेला माल मोजत नाहीत.

शिवाय भरतानाच मालाचे तीन भाग करून विक्रीच्या तारखा लिहून टाका. एक भाग काढणीला, एक जुलैअखेर, एक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. भाव काहीही असो, तारीख आली की ट्रॅक्टर भरायचा. यात सगळ्यात वरचा भाव तुम्हाला कधीच पूर्ण मालाला मिळणार नाही, हे कबूल. पण डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तशी एखादी रात्र आली, तर सगळा माल एकाच वेळी अडकणारही नाही.

प्रश्न : भाचीच्या लग्नासाठी येवल्याला पैठणी घ्यायला गेलो. ठरवलं होतं पंधरा हजार, घेऊन आलो सव्वीस हजारांची. दुकानात कुणी जबरदस्ती केली नाही, उलट फार आदराने वागवलं. तरी घरी आल्यावर फसल्यासारखं का वाटतंय?
– वाचक, इंदिरानगर

उत्तर : पहिली साडी कितीची दाखवली ते आठवा. बहुधा साठ हजारांच्या आसपासची असेल, ‘घ्यायची नाही हो, नुसती बघा’ म्हणून. ती बघून झाली की सव्वीस हजार माफक वाटतात. काहनेमन-ट्वर्स्कींचा १९७४ सालचा प्रयोग हेच दाखवतो. एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० वर किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? १० बघितलेल्यांचा मधला अंदाज आला २५ आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काहीएक संबंध नव्हता, हे सगळ्यांना समोर दिसत होतं. तुमच्या बाबतीत तर साडीचा साडीशी संबंध होता, म्हणजे खुंटा आणखी पक्का.

दुसरी गोष्ट गादीवरची. चहा आला, पोराने तीस-चाळीस साड्यांच्या घड्या मोडल्या, एक स्वतःच्या खांद्यावर टाकून पदर दाखवला. आता ‘एवढा पसारा घातलाय, रिकाम्या हाताने उठायचं कसं’ ही भीड पडते. तिची किंमतही बिलात येते. घड्या घालणं त्याचं रोजचं काम आहे, त्याला त्याचा पगार मिळतो.

तिसरी गोष्ट लग्नाच्या बजेटची. आठ लाखांच्या खर्चात अकरा हजार कुठे दिसतात? एरवी तुम्ही भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करता. १९८१ च्या एका पाहणीत लोकांना विचारलं होतं, की १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर दुसऱ्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त मिळत असेल तर २० मिनिटं गाडी चालवत जाल का? ६८ टक्के ‘हो’ म्हणाले. तोच कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा सांगून तेवढेच ५ डॉलर वाचणार असं विचारलं, तेव्हा ‘हो’ म्हणणारे २९ टक्क्यांवर आले. वाचणारे पैसे आणि लागणारी वीस मिनिटं दोन्हीकडे सारखीच होती.

पुढच्या खरेदीला हे करून बघा. घरून निघताना आकडा कागदावर लिहा, ‘पंधरा’ नव्हे तर ‘फॉल-पिको, ब्लाउजशिलाई धरून सतरा’. दुकानात बसण्याआधी उभ्यानेच सांगा, ‘बारा ते पंधरामधल्या दाखवा, त्याच्या वरची काढू नका.’ स्वस्तातली आधी बघा. आवडलेल्या दोन बाजूला ठेवून बाहेर पडा आणि जेवून या. गादीवरून उठल्यावर पाऊण तासाने जी आठवते ती घ्या. आणि हातमागाची म्हणून किंमत सांगत असतील तर पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. हे बघायला एक मिनिट लागतं, पण गप्पांच्या भरात तेच राहतं.

प्रश्न : अंबडला माझं छोटं मशीन शॉप आहे, अठरा माणसं. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर मी स्वतः निवडतो. पाच मिनिटं बोललो की माणूस कळतो असा माझा अनुभव आहे. तरी सहा महिन्यांत दोन-तीन सोडून जातात किंवा रिजेक्शन (मापात न बसलेला माल) वाढवतात. कुठे चुकतंय?
– लघुउद्योजक, अंबड

उत्तर : ‘माणूस कळतो’ हे तुम्ही घेतलेल्यांवरून म्हणता. नाकारलेल्यांपैकी किती जण शेजारच्या गाळ्यात उत्तम काम करताहेत, हे तुमच्यापर्यंत येतच नाही. निम्मा निकाल न बघता काढलेला अनुभव आहे हा.

पाच मिनिटांत कळतं ते बोलणं, कपडे, नजर. एक गुण चांगला दिसला की बाकीचेही चांगलेच असणार असं मन धरून चालतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं, की सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव यांसाठी वेगवेगळे आकडे देतात तेव्हाही ते आकडे एकमेकांना चिकटलेले निघतात. तुमच्याकडे नीट बोलणारा पोरगा नीट मापही घेत असेल, असं तुम्ही न कळत धरता. आधीचा उमेदवार अगदीच कच्चा निघाला असेल तर त्याच्या मागोमाग आलेला साधारण माणूसही हुशार वाटतो, तो भाग वेगळाच.

उपाय जुना आहे. इस्रायली सैन्यात १९५० च्या दशकात तरुण काहनेमन यांनीच तो बसवला : आधी पाच-सहा गुण ठरवायचे, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, एका गुणाला आकडा दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. तुमच्या शॉपला तो असा बसेल :

तुमच्याकडचे दोन सर्वांत चांगले आणि दोन सर्वांत त्रासाचे ऑपरेटर डोळ्यांसमोर आणा आणि फरक कशात आहे ते लिहा. साधारण पाच निघतील : माप, ड्रॉइंग वाचणं, ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती), मशीनची स्वच्छता, हजेरी. ‘चुणचुणीत’ हा गुण यादीत येऊ देऊ नका, त्याचं माप नाही.

बोलण्याआधी हाताची परीक्षा घ्या. २५ मिमी शाफ्टचं ड्रॉइंग, टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०२ आणि पाच तयार पीस. त्यातला एक २५.०३ आणि एक २४.९७ चा असू द्या. मायक्रोमीटर द्या, पंधरा मिनिटं द्या आणि बाजूला उभे राहून बघा. मापायच्या आधी झीरो तपासला का? पीस पुसला, बर (कडेला राहिलेली धातूची कोर) काढली का? दोन्ही नापास पीस सापडले का? शेवटी विचारा, ‘पहिला पीस ०.०५ ने जाड आला, ऑफसेट किती आणि कुठल्या बाजूला देशील?’ उत्तर चुकलं तरी चालेल, पण तो विचारतो का बघा : ‘मशीन डायमीटरवर आहे की रेडियसवर?’ हे विचारणारा माणूस घ्यावा.

प्रत्येक गुणाला १ ते ५, तिथल्या तिथे, पेनाने. बेरीज शेवटी. पहिल्या दोघांत दोनच गुणांचा फरक असेल तर मग तुमची पाच मिनिटांची पारख वापरा. आम्ही ती फेकून द्या म्हणत नाही, तिची पाळी शेवटी यायला हवी एवढंच.

आणि एक अवघड गोष्ट. मुलाखतीतला पहिला प्रश्न ‘आडनाव काय, गाव कुठलं’ हा असतो ना? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षण-अनुभव सारखाच ठेवून फक्त नावं बदललेले अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी भरली. त्या कंपन्यांत बसलेल्यांना कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. ‘मी जातपात मानत नाही’ हे तुम्ही मनापासून म्हणत असाल, तरी ऑफिसातल्या माणसाला अर्जांवर १, २, ३ घालायला सांगा आणि नाव-गाव हाताच्या परीक्षेनंतर बघा. सध्याच्या कामगारांनी आणलेली ‘आमच्याकडचा पोरगा’ ही शिफारस घ्यायला हरकत नाही, पण त्यालाही तेच पाच पीस.

सहा महिन्यांनी तेव्हाचे गुण आणि आताचं रिजेक्शन शेजारी ठेवून बघा. जो गुण काहीच सांगत नाही तो यादीतून काढा.

प्रश्न : यजमान दोन वर्षांपासून शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग करतात. चारचे दोन लाख झालेत. म्हणतात, ‘तोटा भरून निघाला की त्या दिवशी बंद.’ काय सांगू?
– वाचक, नाशिकरोड

उत्तर : चारचे दोन व्हायला ५० टक्के तोटा लागतो, दोनचे चार व्हायला १०० टक्के नफा. ‘भरून निघाला की बंद’ या वाक्यातच घोळ आहे, कारण बरोबरीला यायच्या नादात माणूस आधीपेक्षा मोठा डाव लावतो. कांद्याच्या उत्तरातला जुगार तोच हा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेली आकडेवारी अशी : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्यूचर्स आणि ऑप्शन्स) वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. हुशारीचा प्रश्न असता तर एवढे सगळे एकाच बाजूला पडले नसते.

वाद घालू नका, चारचौघांत तर नाहीच. ब्रोकरकडून दोन्ही वर्षांचं नफा-तोटा पत्रक काढायला सांगा, ब्रोकरेज आणि करांसकट. जिंकलेले दिवस लक्षात राहतात, छोटे हरलेले दिवस विसरतात, म्हणून कागद लागतो. मग एकच प्रश्न विचारा : ‘हे दोन लाख आज कुणी रोख हातात दिले असते, तर यातच टाकले असते का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर एफ अँड ओचा सेगमेंट खात्यावरून बंद करण्याबद्दल त्याच दिवशी ब्रोकरकडे विचारा. नुसतं ‘आता खेळणार नाही’ म्हणणं सकाळी सव्वानऊला बाजार उघडेपर्यंत टिकतं. कर्ज काढणं, लपवणं, झोप जाणं असं काही दिसत असेल तर हा गुंतवणुकीचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ ला, फोन करा.

प्रश्न : बिबट्याच्या बातम्यांमुळे मुलीचं पहाटे पळायला जाणं बंद केलंय. ती म्हणते, मी उगीच घाबरते. खरंच उगीच का?
– एक आई, गंगापूर रोड

उत्तर : उगीच नाही. गोदाकाठची ऊसशेती आणि मळे शहराला लागून आहेत, बिबट्या येतो आणि अंधारात येतो. पळण्याची वेळ उजाडल्यानंतरची करा, दोघी-तिघी मिळून जाऊ द्या, कानातले इअरफोन काढायला सांगा. एवढ्यावर परवानगी द्यायला हरकत नाही.

आमचा प्रश्न पुढचा आहे : मुलगी कॉलेजला स्कूटीवर जाते ती हेल्मेट घालून का? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. बिबट्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ दिवसभर फिरतो, मुंबई नाक्यावरच्या अपघाताचा फिरत नाही. जे चटकन आठवतं तेच वारंवार घडतं असं मन धरतं. त्यामुळे भीती खोटी ठरत नाही, पण काळजीची वाटणी चुकते. चांगल्या हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी आणि जीव जाण्याचा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, पट्टा लावलेला असेल तर. हँडलला अडकवलेल्याचा उपयोग नाही.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या कामाला मिस्त्रीने पंधरा दिवस सांगितले, दीड महिना झाला. सगळे खोटंच बोलतात का?
– वाचक, सिडको

उत्तर : बहुतेकदा स्वतःशीही. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल विचारलं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस आला, लागले ५५.५. अंदाज बांधताना माणूस सगळं सुरळीत चाललेलं बघतो. टाइल्सचा तो शेड संपलेला, प्लंबर गावी गेलेला, प्लॅटफॉर्मचा ग्रॅनाइट चुकीच्या मापाने कापून आलेला, हे त्यात नसतं. म्हणून मिस्त्रीला ‘किती दिवस लागतील’ विचारू नका, ‘तुमच्या मागच्या तीन कामांना किती लागले’ विचारा आणि त्या तीन घरी फोन करा. त्यांची सरासरी हाच तुमचा आकडा. पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, तारखेवर नको, आणि शेवटचा हप्ता नळ चालू होऊन सिंक गळत नाही हे बघितल्यावर.

प्रश्न : वर्गात मी जॅमचा प्रयोग शिकवते : २४ प्रकार मांडले तर खरेदी कमी, ६ मांडले तर जास्त. आता ऐकते की तो खरा नाही. शिकवू की नको?
– मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : शिकवा, पण पुढचा भाग धरून. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जॅमच्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी आणि ६ च्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी खरेदी केली. तो प्रयोग खोटा नव्हता. पण २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचं एकत्र विश्लेषण झालं, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. पर्याय एकमेकांसारखे असतील, घेणाऱ्याला आपल्याला काय हवं ते माहीत नसेल, घाई असेल, तर गोंधळ होतो. एरवी नाही. मिसळीच्या हॉटेलात तिखट-मध्यम-काळा रस्सा असे पर्याय वाढले म्हणून नाशिककर उठून जात नाही.

इच्छाशक्ती बॅटरीसारखी संपते हा सिद्धांत याहून डळमळीत झाला आहे. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, हाती जवळपास काही लागलं नाही. खुंट्याचा परिणाम मात्र पुन्हा पुन्हा तपासून टिकला आहे. विद्यार्थ्यांना टिकलेलं आणि न टिकलेलं शेजारी ठेवून दाखवा. वर्गात स्वतः करायला पैठणीच्या उत्तरातला आफ्रिकी देशांचा प्रश्न सोपा आहे : निम्म्या चिठ्ठ्यांवर १०, निम्म्यांवर ६५, वीस मिनिटांत निकाल. साठ-सत्तर मुलं हवीत, पंधरा मुलांत आकडे कसेही फिरतात.

प्रश्न : वीस वर्षं कांद्याच्या लिलावात आहे. कांदा हातात घेतला की किती दिवस टिकेल ते सांगतो, सहसा चुकत नाही. भावाचा अंदाजही तसाच आतून येतो, पण तो चुकतो. आतला आवाज ऐकावा की नाही?
– व्यापारी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : एकाच माणसाचे हे दोन आवाज वेगळे आहेत. काहनेमन आणि मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन हे या विषयातले दोन विरोधक. त्यांनी २००९ मध्ये एकत्र बसून लिहिलं, की आतल्या आवाजावर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात : ज्याचा अंदाज बांधायचा त्यात काही नियम असावा आणि चूक-बरोबर लवकर आणि स्पष्ट कळावं. कांद्याची मान वाळून मिटली आहे का, पापुद्रा किती, दाबल्यावर दबतो का, हे टिकण्याशी नेहमी जोडलेलं असतं आणि खळ्यात पडलेला माल दोन आठवड्यांत तुम्हाला निकाल देतो. वीस वर्षांत हजारो वेळा दिला. भावाचं तसं नाही. मध्य प्रदेशातली आवक, कर्नाटकातला पाऊस, दिल्लीहून निघालेला आदेश, यांतलं काहीही हाताला लागत नाही. बरोबर आला की ‘म्हटलं होतं ना’ आणि चुकला की ‘सरकारने घोळ केला’, म्हणून चुकीतून शिकणंही होत नाही.

तपासायचं असेल तर तीस लिलावांचा हिशोब ठेवा. आजचा लिलाव संपला की दोन आकडे लिहा, उद्याचा सरासरी भाव इतक्यापासून इतक्यापर्यंत असेल, दहातल्या नऊ वेळा त्यातच बसेल असा पट्टा. शेजारी एक मठ्ठ अंदाजही लिहा : उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव. तीस दिवसांनी तुमच्या पट्ट्याचा मध्य आणि हा मठ्ठ अंदाज, दोघांत जवळचा कोण ते मोजा. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचा पट्टा फार अरुंद निघतो. तो रुंद करायला लाजू नका. वही स्वतःकडे नको, मुनिमाकडे ठेवा, आणि लिहायला पेन्सिल वापरू नका.